सामाईक माडावरचा अँटेना

दाजींना कुठलंही गाव विचारलं की ते आधी गाडी सांगायचे. गाव मागाहून, कुणी विचारलंच तर. एकदा शाळेत आलेल्या पाहुण्याने कुणकेश्वरला कसं जायचं म्हणून विचारलं. दाजी पडवीतल्या बाकावरून न उठता म्हणाले, "आचऱ्याक उतरा. थंयसून देवगड गाडी धरा. मिठबाव सोडल्यार सांगून ठेवा, कंडक्टर उतरवतलो." पाहुण्याने विचारलं, "आणि देऊळ कुठल्या बाजूला?" दाजी म्हणाले, "ता माका म्हायत नाय. गाडी देवळात जायत नाय."

मी तोंडवलीच्या शाळेत मास्तर म्हणून बदलून आलो, तेव्हा दाजी नुकतेच एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी मालवण-पणजी गाडीवर काढली होती. मी मूळचा खारेपाटणचा, समुद्राशी माझा संबंध बाजारात मासे घेण्यापुरता. त्यांच्या घराची कडेची खोली मी भाड्याने घेतली आणि त्याबरोबर दाजीही आपोआप मिळाले.

अंगावरचा खाकी शर्ट त्यांनी पेटीत ठेवला होता, पण सवयी पेटीत मावणाऱ्या नव्हत्या. पडवीत ते कायम दाराजवळच्या जागेवर बसत. चार माणसं जमली की "पुढे सरका, पुढे जागा आसा" म्हणत, पुढे नुसती भिंत असली तरी. खांबावर बोटांनी एकदा ठोकलं की थांबा आणि दोनदा ठोकलं की चला, हा त्या घराचा कायदा होता. काकी, म्हणजे त्यांची बायको, आतून ठोके ऐकूनच चहाचं भांडं ठेवायचं की उतरवायचं ते ठरवत. लांबण लावणारा पाहुणा एक ठोका ऐकला की गप्प व्हायचा आणि दोन ऐकले की चपला शोधायचा. ज्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल त्याला दाजी म्हणत, "पुढच्या थांब्यार बघूया." माझ्या खोलीचं गळकं छप्पर, गावातली सारखी जाणारी वीज आणि मेल्यावर माणसाचं काय होतं, हे तिन्ही प्रश्न मी तिथे असेपर्यंत पुढच्या थांब्यावरच होते.

दाजींच्या शेजारी त्यांचे थोरले भाऊ राहत, बापू. बापू तांडेल होते, म्हणजे होडीचे म्होरके. दोघांची वाटणी झाली तेव्हा घराचे दोन भाग झाले आणि मध्ये अंगणात चिऱ्याच्या बुटक्या भिंतीचा गडगा घालायचं ठरलं. मोजणीची रेषा नेमकी एका उंच माडातून गेली. गडगा दोन्ही बाजूंनी माडापर्यंत आला आणि तिथे थांबला. माड सामाईक राहिला. त्याचे नारळ कुठल्या बाजूला पडतात आणि सुकलेली झावळ कुणी उचलायची, यावरून दोन भावांचं बोलणं बंद झालं. नक्की कुठल्या नारळावरून झालं ते विचारलं तर दोघेही दुसऱ्याचं नाव सांगत.

हे भांडण फक्त पुरुषांचं होतं. दोघी जावा मागच्या बाजूने गडग्यावरून रोज कालवणाच्या वाट्या देत घेत. तेच बांगडे दोन्ही घरांत शिजत आणि दोघे भाऊ ते आपापल्या ताटात बघून काही बोलत नसत.

माझ्यावर जी कामगिरी आली तिच्याबद्दल शिक्षण खात्याने मला काही शिकवलं नव्हतं. बापू गडग्यापलीकडे जाळं दुरुस्त करत बसलेले, दाजी अलीकडे बाकावर, मध्ये मी. दोघांमध्ये अंतर असेल दोन हातांचं.

"गुरुजी," बापू म्हणत, "त्येंका सांगा, चुडत पडलेला आसा. उचलून न्हेवा म्हणान."

मी दाजींकडे वळून म्हणे, "दाजी, झावळ पडली आहे म्हणतात."

"आयकलंय. त्येंका सांगा, चुडत माज्या सांगण्यान पडूक नाय. वाऱ्यान पाडलेला आसा. वाऱ्याक सांगा."

"बापू, वाऱ्याला सांगा म्हणतात."

यावर दाजी रागवायचे. "गुरुजी, सगळा सांगा. 'माज्या सांगण्यान पडूक नाय' ता ऱ्हवला." मग मी ते सांगायचो, आणि बापू प्रथमच ऐकल्यासारखी मान हलवायचे.

दाजींची एकुलती मुलगी वैशाली. बापूंना मूल नव्हतं, म्हणून ती अर्धी त्यांच्याकडेच वाढली. माडाच्या नारळांची वाटणी झाली, वैशूची कुणी केली नाही. बापूंनी तिला होडीत घालून देवबागपर्यंत नेलेलं. समुद्रावरून किनाऱ्यावर हाक कशी मारायची, घसा न ताणता पोटातून आवाज कसा काढायचा, हे तिला त्यांनी शिकवलेलं. मुलीने शिक्षिका व्हावं असं दाजींना वाटत होतं. ती मामाकडे गोव्याला शिकायला गेली, आणि एक दिवस फोन आला की तिला तिथल्या एफएम रेडिओवर निवेदिकेचं काम मिळालं आहे. दर रविवारी सकाळी एक मराठी कार्यक्रम.

"रेडिओर काय करतली?" दाजींनी विचारलं.

"बोलतली," काकी म्हणाल्या.

"ता तर ती घरीच करत होती."

पुढचे काही दिवस त्यांनी हा विषय काढला नाही. मग एका सोमवारी ते मालवणला गेले आणि एफएम असलेला रेडिओ घेऊन आले. रविवारी सकाळी तो बाकावर ठेवून बटण फिरवलं. पणजी लागली नाही. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज तेवढा येत राहिला, आणि दाजी तो आवाज कार्यक्रम संपायच्या वेळेपर्यंत ऐकत बसले. नंतर वैशूचा फोन आला. "बाबा, लागलं का?" तिने विचारलं. दाजी म्हणाले, "नाय गो." फोन ठेवल्यावर ते खांबापाशी उभे राहिले, पण ठोका एकदा द्यावा की दोनदा हे त्यांना ठरवता येईना. त्या दिवशी मला कळलं, या माणसाला आता दुसरं काही नको आहे. लेकीचा आवाज स्वतःच्या पडवीत ऐकायचा आहे.

मालवणच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा एक जण होता. त्याने सांगितलं, तोंडवली पणजीपासून लांब, शिवाय सखल. नुसत्या रेडिओच्या काडीवर काही यायचं नाही, अँटेना करावा लागेल. एका दांड्यावर तीन आडव्या नळ्या. मागची सर्वांत लांब, मधली वाकवून दुपदरी केलेली, तिला वायर जोडायची, आणि पुढची जरा आखूड. तोंड पणजीकडे करायचं आणि होईल तितका उंच लावायचा. हे सगळं दाजींनी मान डोलावून ऐकलं.

गावात तेव्हा नुकतीच केबल आली होती. घराघरावरचे टीव्हीचे जुने अँटेने नुसते कावळ्यांच्या उपयोगाला उरले होते. दाजी घरोघर हिंडले. दारात उभं राहून ते तिकीट तपासायच्या आवाजात विचारत, "वापरात आसा काय?" लोक घाबरून काढून देत. आठवड्याभरात पडवीत ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा ढीग झाला. काकींनी त्यातल्या एका नळीवर परकर वाळत घातला, तो त्यांना तासाभरात उचलावा लागला.

मधली नळी वाकवण्यात पहिला रविवार गेला. वाकवली की ती वळणावर चेपायची. दाजींनी करवंट्यांच्या जाळावर तापवून बघितली, गुडघ्यावर बघितली, मला एका टोकावर बसवून बघितली. शेवटी एका सुताराने सांगितलं म्हणून तिच्यात किनाऱ्यावरची कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही टोकांना बुचं मारली आणि वाकवली. नळी गुण्यागोविंदाने वाकली. दाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "रिकामी गाडी वळणार अशीच धडपडता." जाळं तरंगत ठेवणारा एक फुटका बोया कापून त्यांनी त्यात वायरचे सांधे बसवले आणि खाऱ्या हवेने गंजू नयेत म्हणून वरून मेणबत्ती वितळवून ओतली.

अँटेना कौलांवर चढला. आता तोंड पणजीकडे करायचं. दाजींनी एक क्षणही विचार केला नाही, पूर्वेकडे केलं.

"दाजी," मी म्हटलं, "पणजी दक्षिणेला आहे."

"गुरुजी, तुमी पणजीक कितींदा गेलास?"

"एकदा."

"मगे?" ते म्हणाले. "आमी हयसून सुटलंव की मालवण, मगे कट्टो, मगे कुडाळ. कुडाळाक धा मिनटां थांबता. मगे सावंतवाडी, बांदा. पणजी कुडाळच्या पलीकडे आसा."

मी शाळेतला नकाशा आणून त्यांच्यासमोर अंथरला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला. मग विचारलं, "ह्येच्यात डेपो खंय आसत?" नाहीत म्हटल्यावर त्यांनी तो नीट गुंडाळून माझ्या हातात परत दिला, आणि अँटेना कुडाळ डेपोकडे तोंड करून राहिला.

पणजी आली नाही. पण उन्हाळ्यात एका संध्याकाळी, समुद्र तेलासारखा शांत असताना, रेडिओवर अचानक खणखणीत गाणं लागलं. भाषा कुणाला कळेना. शेवटी मस्कतला राहून आलेल्या एकाने सांगितलं, ही अरबी आहे. बाजारातला रेडिओवाला म्हणाला, गरमीत समुद्रावर हवेचा असा काही थर बसतो की लांबची स्टेशनं घसरत येतात. म्हणजे कुडाळकडे तोंड केलेल्या अँटेन्याला पाठीमागून मस्कत लागलं होतं. गावात बातमी पसरली. ज्यांचे मुलगे आखातात होते त्या बायका संध्याकाळी पडवीत येऊन बसू लागल्या. आवडाबाय तर पदर डोक्यावर घेऊन कीर्तनाला बसल्यासारखी बसे. आत गाणं चाललंय, बातम्या की साबणाची जाहिरात, कुणालाच उमगत नव्हतं.

"आता काय म्हणता तो?" आवडाबायने एकदा विचारलं. तिचा मुलगा तिकडे गवंडीकामाला होता.

दाजींनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "पुढच्या थांब्यार कळात."

तिला ते पटलं. ती दुसऱ्या दिवशीही आली.

या मस्कतने दाजींची गावात पत वाढली, पण झोप उडाली. "समुद्रापलीकडचो सुलतान माज्या पडवीत येता," ते मला म्हणाले, "आणि चार तासांवरचा माजा चेडू येणा नाय." एवढं बोलून त्यांनी मला उगाच पुढे सरकायला सांगितलं.

आता उंची वाढवण्यावाचून इलाज नव्हता. आणि वाडीत सर्वांत उंच काय, तर तो सामाईक माड.

मी कामगिरीवर निघालो. म्हणजे बाकावरच थोडा वळलो. "बापू, माडावर अँटेना लावायचा आहे म्हणतात."

बापूंनी जाळ्यातली सुई थांबवली नाही. "त्येंका सांगा, माड सामाईक आसा. त्येंच्या अर्ध्यार काय ता लावंदेत. माज्या अर्ध्यार नको."

"सांगा त्येंका," दाजी म्हणाले, "माजी वायर माज्याच बाजून उतारतली."

"आणि नळयो? त्यो माज्या हवेत येतल्यो त्येंचा काय?"

वाद तीन दिवस चालला आणि तिन्ही दिवस मी दोन्ही बाजूंनी बोललो. माझा घसा बसला. चौथ्या दिवशी दाजी बाजाराला गेले होते. मी वैतागून बापूंना म्हटलं, "अहो, त्यांना काही वाडीवर राज्य करायचं नाही. वैशूचा आवाज ऐकायचा आहे. ती रेडिओवर बोलते."

बापूंची सुई थांबली. "कोण बोलता?"

"वैशू. दर रविवारी."

बापूंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. जाऊबाईंना ठाऊक असणार, पण पुरुषांच्या अबोल्यात बातमी गडग्यावरून जायची तर ती माझ्या तोंडून, आणि मला ती सांगायला कुणी सांगितलं नव्हतं. बापूंनी जाळं बाजूला ठेवलं आणि वर माडाच्या शेंड्याकडे बघितलं.

"त्येंका सांगा," ते म्हणाले, "पाडेली बोलवू नको. माडार मी चडतलंय."

पण सामाईक माडाला हात लावायचा तर जागेच्या राखणदाराला, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाला, विचारायला हवं. त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मागणं मागायचं, आणि जागेत ज्यांचा वाटा आहे त्या सर्वांनी तिथे उभं राहून होकार द्यायचा. वाटेकरी गैरहजर असला तर गाऱ्हाणं पोचत नाही, अशी समजूत. माझ्या मार्फत होकार देता येईल का, असं दाजींनी गाऱ्हाणं घालणाऱ्या गावच्या मानकऱ्यांना विचारून बघितलं. मानकरी नाही म्हणाले. त्या रविवारी सकाळी दोघे भाऊ माडाखाली शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांच्या मध्ये नारळ होता.

मानकऱ्यांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही बाकीचे म्हणालो. दोघे भाऊ गप्प.

"आज ह्या जाग्यातले दोगव वाटेकरी तुज्या पायाकडे उबे आसत!"

"व्हय म्हाराजा!" भाऊ गप्प. एक पूर्वेला बघतोय, एक पश्चिमेला.

"ह्या माडार एक... काय ता रे दाजी?"

"अँटेना."

"अँटेना चडवचो आसा, म्हाराजा! चडणाऱ्याच्या पायाक बळ दी! आणि आमचा चेडू जा गोयांत जावन बोलता, त्येचो आवाज ह्या घराक येवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा आवाज बापूंचा होता. इतका मोठा, की काकी दचकल्या. त्याच्या पाठोपाठ, जरा उशिराने, दाजींचा. मानकऱ्यांनी डोळे उघडून दोघांकडे पाहिलं आणि नारळ फोडला.

बापू साठीच्या पुढचे, पण चढले ते विशीतल्यासारखे. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, पाठीवर बांधलेला अँटेना. खाली दाजी रेडिओ घेऊन बसले. बोलायचं तर नाही, मग दिशा कशी सांगणार? दाजींनी काकींची पितळी थाळी आणि उलथनं मागवलं. दोन ठोके म्हणजे आणखी फिरव, एक ठोका म्हणजे थांब. एसटीत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

वैशूच्या कार्यक्रमाची वेळ झाली. बापूंनी अँटेना शेंड्याशी धरला. दाजींनी दोन ठोके दिले, बापूंनी फिरवला. दोन ठोके, फिरवला. एक ठोका, थांबला. तोंड पुन्हा नेमकं कुडाळकडे. रेडिओत नुसती चर्रचर्र. दाजींनी काटा पुढेमागे केला, थाळी खाली ठेवली, पुन्हा उचलली. वेळ चालली होती. अर्धा कार्यक्रम असाच गेला.

आणि मग माडावरून आवाज आला. समुद्रावरून किनाऱ्यावर मारतात तशी हाक.

"दाज्या! थंय खंय पणजी?"

दाजींनी थाळी हातातच धरून वर पाहिलं. कित्येक वर्षांत त्या आवाजाने त्यांचं नाव घेतलं नव्हतं.

"माका शिकव नको!" ते खालून ओरडले. "मी जल्मभर पणजीक गाडी न्हेलंय!"

"तू कुडाळावरसून जातंस! मी होडयेन गेलंय! माका हयसून सगळो दर्यो दिसता. ह्यो मालवणचो किल्लो, त्येच्या नाकासमोर सरळ गेलंस की वेंगुर्ल्याचो दीपस्तंभ, मगे तेरेखोल, मगे पणजी!"

"गाडी थंयसून जायत नाय!"

"अरे, आवाज काय एष्टीन येता?"

दाजी या वेळी पुढच्या थांब्यावर बघूया असंही म्हणाले नाहीत. बापूंनी ठोक्याची वाट न बघता अँटेना दक्षिणेकडे, उघड्या समुद्राकडे फिरवला. चर्र आवाज विरळ झाला, आणि त्यातून पडदा सारून यावी तशी वैशू आली. पेडण्याच्या कुणा कुटुंबाने कळवलेली फर्माईश ती वाचत होती. शुद्ध, स्वच्छ, पोटातून काढलेला आवाज.

दाजींनी थाळीवर एकच ठोका दिला. मग थाळी त्यांच्या हातून पडली.

काकी तोंडाला पदर लावून रडत होत्या. जाऊबाई गडग्यावर हात ठेवून उभ्या. दाजी पुढे वाकून ऐकत होते, आणि मध्येच त्यांची मान वर गेली. बापू शेंड्याशी दोन्ही हातांनी अँटेना धरून होते. दोर बांधायचा राहिलाच होता, हात सोडला तर तोंड फिरणार. तिथवर रेडिओ ऐकू जात नव्हता. ज्याने आवाज आणला त्यालाच तो मिळत नव्हता.

दाजी उठले. रेडिओचा आवाज त्यांनी शेवटपर्यंत वाढवला, आणि वायर पुरेल तितकं माडाच्या बुंध्याजवळ जाऊन रेडिओ दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरला. कार्यक्रम संपेपर्यंत धरला. मी पुढे झालो तेव्हा त्यांनी मला मान हलवूनच नको म्हटलं. मला त्या वेळी दाजींबद्दल जे वाटलं त्याला माया म्हणतात, दुसरा शब्द मला ठाऊक नाही.

"आयकूक येता?" त्यांनी शेवटी वर विचारलं.

"वायच!" वरून उत्तर आलं.

भांडण मिटलं, असं म्हणायला मात्र वाडीत कुणी धजावलं नाही. दुसऱ्या दिवशी झावळ पडली आणि मला पुन्हा वळावं लागलं. फक्त रविवारी सकाळी रेडिओ बाकावर न राहता गडग्यावर, माडाला टेकून बसे. एक भाऊ अलीकडे, एक पलीकडे. कार्यक्रमाआधी बापू माडावर चढून तोंड सारखं करत, कारण आठवडाभराच्या वाऱ्याने ते फिरलेलं असे. हेच मला कळत नसे. वादळातसुद्धा ज्यांनी बांधलेली होडी हलत नाही अशी ख्याती, त्या बापूंची ही एकच गाठ दर आठवड्याला कशी सैल व्हायची? मी एकदा दाजींना विचारलं. ते म्हणाले, "माड उंच आसा, गुरुजी. वारो लागता." आणि खांबावर दोनदा ठोकलं.

अशी काही वर्षं गेली. एका उन्हाळ्याच्या शेवटी बापू आजारी पडले. फुफ्फुसात पाणी झालं म्हणून त्यांना कुडाळच्या दवाखान्यात नेलं. वैशू येऊन दोन दिवस खाटेच्या पायथ्याशी बसली. शनिवारी बापूंनीच तिला परत पाठवलं. "आयतवार चुकवू नको. लोक वाट बगतत." दवाखान्याच्या त्या खोलीत रेडिओवर काही लागत नव्हतं. दाजींनी निरोप पाठवला, मी घरी ऐकतो आणि दुपारी येऊन सांगतो. निरोप अर्थातच माझ्याबरोबर पाठवला.

त्या रविवारी आभाळ भरून आलं होतं आणि रात्रभर वारा सुटला होता. सकाळी रेडिओ लावला तर चर्र. वर बघितलं तर अँटेन्याचं तोंड भलतीकडे. नारळ पाडणारा पाडेली सकाळीच आचऱ्याला गेलेला. दाजींनी धोतर खोचलं आणि माडाला मिठी मारली. पुरुषभर चढले, तिथे थोडा वेळ थांबले आणि आले तसे खाली घसरले. छाती खरवडून निघाली. पुन्हा गडग्यापाशी येऊन ते रेडिओला कान लावून बसले. मी शेजारीच होतो. एक शब्दही आला नाही. वैशूला फोन करून विचारता आलं असतं, पण ती स्टुडिओबाहेर पडेपर्यंत गाडी सुटली असती, आणि दाजींनी आयुष्यात गाडी चुकवली नव्हती.

माझी बदली झाली होती. दुसऱ्याच दिवशी मला नव्या शाळेत हजर व्हायचं होतं. सामान बांधून मी दाजींच्या मागच्या गाडीने दुपारी कुडाळला उतरलो, बापूंना भेटावं म्हणून. बापू त्या दुखण्यातून उठले नाहीत, ते मला पुढे फोनवर कळलं. त्या दिवशी मात्र मी खोलीच्या दारातच थांबलो, कारण आत दाजी बोलत होते. सरळ बापूंशी बोलत होते. आणि मालवणीत नव्हे. सरकारी कचेरीत वापरतात तशा पुस्तकी मराठीत, वैशूच्या लयीत, मान किंचित तिरकी करून. शर्टाच्या वरच्या गुंडीखाली खरवडलेल्या छातीला लावलेली हळद दिसत होती.

"...तर श्रोते हो, आज आपण समुद्रावरची गाणी ऐकणार आहोत. असं ती म्हणाली."

"समुद्रावरची?" बापूंनी डोळे मिटूनच विचारलं. "मगे?"

"मग एक गाणं झालं. चांगलं होतं. मग ती म्हणाली, पुढचं गीत आहे तोंडवलीच्या श्रोत्यांसाठी."

बापूंनी डोळे उघडले. "तोंडवली म्हणाली?"

"म्हणाली."

"नाव घेतल्यान कोणाचा?"

दाजींची पुस्तकी मराठी तिथे संपली. ते खुर्ची ओढून भावाच्या उशाशी सरकले.

"घेतल्यान. दोगांचाव घेतल्यान," ते म्हणाले. "आदी तुजा."